धूळ, मुरूम आणि जळकं ऑइल

(मंडळाच्या वैशाखातील मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते निवृत्त खाण अभियंता असून मंडळाचे जुने सभासद आहेत.)



मला आमंत्रण देताना कार्यवाह म्हणाले होते, "काका, नोकरीतल्या गमतीजमती सांगा, अर्धा तास छान जाईल." माझी हरकत नव्हती. पण आज येताना मागच्या दाराने आलो, तर स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून दोन पिंपं उभी दिसली. चौकशी केली. कळलं की कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या भैयाने जळकं ऑइल फुकट दिलं आहे, आणि येत्या रविवारी ते आपल्या समोरच्या कच्च्या सडकेवर शिंपडायचं ठरलं आहे. वर्गणी नाही, खर्च नाही, आणि पाऊस येईपर्यंत धुळीचं नाव नाही. तेव्हा गमतीजमती पुढच्या वेळी. आज मी धुळीवर बोलणार आहे. पस्तीस वर्षं उघड्या खाणींवर काढली, म्हणजे धुळीचंच खाल्लं. दोन्ही अर्थांनी.

पहिल्यांदा हे सांगतो की ज्यांनी ही पिंपं आणली त्यांचा हेतू मला शंभर टक्के पटतो. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं आहे. रात्री मोठ्या रस्त्यांवर झाडणारी मशिनं फिरतात, आपण पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला नेतो. आणि आपली ही सडक? मेन रोडपासून मंडळाच्या फाटकापर्यंत सहाशे मीटर, मी पावलांनी मोजली आहे. फाल्गुनापासून मृगापर्यंत इथल्या वहिनींना पापड-कुरडया गच्चीवर घालता येत नाहीत. समोरच्या आजोबांचं नेब्युलायझर सकाळी शाळेच्या व्हॅनी गेल्या की सुरू होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या एका बाई म्हणाल्या, "तुमच्याकडच्या कैरीच्या डाळीला वेगळाच कुरकुरीतपणा असतो हो." सगळे हसले, पण यजमानीणबाई हसल्या नाहीत.

धूळ आपल्या लोकांना नवी नाही. लग्नपत्रिकेत आपण अजून गोरज मुहूर्त छापतो. गोरज म्हणजे गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ. संध्याकाळच्या वेळेला नावच धुळीवरून पडलं, आणि तेही मंगल. पण त्याच घरातल्या आजी रोज पहाटे अंगणात सडा घालत होत्या, हे विसरू नका. शेणकाल्याच्या सड्यात नुसतं पाणी नसतं. शेणातले गवताचे बारीक तंतू आणि चिकट भाग वाळल्यावर मातीच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतात, वर पातळ पापुद्रा तयार होतो. खाणीवर आम्ही ज्याला मोठं नाव देऊन परदेशी कंपन्यांकडून पिंपांनी विकत घेत होतो, त्याचं तत्त्व हेच. फरक इतकाच की अंगणातून डंपर जात नाही. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी भिश्ती मशकीतून सडकेवर पाणी शिंपडत जायचा आणि मुलं त्याच्या मागे ओल्या मातीच्या वासासाठी चालायची.

आता ही धूळ येते कुठून ते बघू. आपली सडक मुरमाची आहे. मुरूम म्हणजे आपल्या माळव्याच्या काळ्या पाषाणाचाच कुजलेला, भुसभुशीत झालेला प्रकार. त्यात खडे असतात, वाळूसारखे दाणे असतात आणि पिठासारखी माती असते. ही पिठासारखी माती म्हणजे धूळच. पण तिला शिव्या देऊ नका, कारण खडे जागेवर धरून ठेवणारा चिकटपणा तिच्यातच आहे. उकड काढताना पाणी बरोबर असलं की पीठ धरतं, कमी पडलं की फुटतं, तसंच. ओलसर असताना ती सिमेंटचं काम करते. वाळली की गाडीचं चाक तिला दळतं, आणि चाकामागे हवेची जी ओढ निर्माण होते ती तिला उचलते. मोठे कण काही पावलांवर पडतात. पण दहा मायक्रॉनहून लहान कण, ज्यांना पेपरात पीएम-१० म्हणतात, ते तरंगत राहतात. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण नाकातल्या केसांना जुमानत नाहीत. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे हवेत चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी.

इथे कुणाला उगाच घाबरवायचं नाही मला. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलीच्या कारखान्यांत कामगारांना सिलिकोसिस झाला, ते आपल्यापैकी जुन्यांना आठवत असेल. तो दगड वेगळा, आणि कारखान्याच्या बंद खोलीतली धूळही वेगळी. आपल्या काळ्या पाषाणात गारेचं, म्हणजे स्फटिक सिलिकेचं प्रमाण कमी असतं. पण दमेकऱ्याच्या छातीला धूळ कुठल्या दगडाची हे विचारायला वेळ नसतो.

आणखी एक गोष्ट, जी खजिनदारांनी लिहून घ्यावी. अमेरिकेत कच्चे रस्ते लाखो मैल आहेत, त्यांच्या इंजिनिअरांचा एक जुना ठोकताळा आहे: रोज एक गाडी एक मैल कच्च्या रस्त्यावरून वर्षभर गेली, की त्या मैलातून साधारण एक टन धूळ उडून जाते. मी एका सोमवारी गॅलरीत खुर्ची टाकून मोजलं. मोटरसायकली सोडून द्या, चार चाकांच्या सेहेचाळीस फेऱ्या झाल्या. आपली सडक पाऊण मैलाच्याही निम्मी. त्यांच्या ठोकताळ्याने सतरा टन येतात. त्यांच्या गाड्या जोरात धावतात म्हणून मी निम्म्याहून कमी धरलं, तरी सात-आठ टन. आपण दर दिवाळीआधी दोन-तीन ट्रॉली मुरूम टाकतो, आणि दर वर्षी सभेत प्रश्न निघतो की मुरूम गेला कुठे, कंत्राटदाराने कमी टाकला का. मंडळी, कंत्राटदाराने कमी टाकला नव्हता. तो तुमच्या पडद्यांवर आहे. धूळ उडते म्हणजे सडकच उडते. बारीक भाग गेला की खडे सुटे होतात, मग धुण्याच्या दगडासारख्या आडव्या पट्ट्या पडतात, मग खड्डे.

आता जळक्या ऑइलकडे येतो. हे मी कुठे कुणाला फारसं सांगितलेलं नाही. घरीसुद्धा अर्धंच सांगितलं आहे.

१९८१ साली मी एका चुन्याच्या दगडाच्या खाणीवर ज्युनिअर होतो. खाण कुठली, मालक कोण, ते राहू द्या. खाणीपासून रेल्वे सायडिंगपर्यंत ट्रक जायचे ते एका गावाच्या मधून. दोन किलोमीटर कच्चा रस्ता, दिवसाला दोनशेहून जास्त फेऱ्या. गावातली घरं पांढरी झाली होती, झाडं पांढरी, म्हशींच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. सरपंच आणि शाळेचे मास्तर दर आठवड्याला ऑफिसात यायचे. पाणी मारायला टँकर एकच, आणि तो साहेबांच्या बंगल्याच्या बागेलाही लागायचा. तेव्हा मीच सुचवलं. वर्कशॉपच्या मागे जळक्या ऑइलची साठ-सत्तर पिंपं पडून आहेत, ती टाकू. साहेबांनी पाठ थोपटली. टँकरला मागे भोकं पाडलेला पाइप लावला आणि मार्च महिन्यात तीन दिवसांत पूर्ण रस्ता काळा करून टाकला.

धूळ थांबली. अगदी जादू केल्यासारखी थांबली. चौथ्या दिवशी गावकऱ्यांनी मला बोलावून नारळ दिला, झेंडूचा हार घातला. त्याचा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात साहेबांनी "कल्पक" असा शेरा लिहिला.

मग पाऊस आला. तेल लागलेली माती पाण्याला आत घेत नाही, त्यामुळे पाणी रस्त्यावरून धावलं आणि वरचा काळा थर सोलत घेऊन गेलं. रस्त्याच्या उताराला गावाची विहीर होती. श्रावणात विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्य दिसायला लागलं. पोरांना मजा वाटली. म्हशी तोंड लावून मागे वळायला लागल्या, तेव्हा मोठ्यांना कळलं. आम्ही विहीर दोनदा उपसली, वास गेला नाही. पुढची दोन वर्षं त्या गावाला पिण्याचं पाणी खाणीच्या टँकरने जात होतं, आणि तो टँकर कोणता, तर ज्याच्या मागे भोकांचा पाइप लावला होता तोच, धुऊन. कार्तिकात धूळ परत उडायला लागली. आता ती काळी होती आणि कपड्यांना चिकटत होती. एक म्हातारी मला म्हणाली, "बाबूजी, पहले वाली धूल झाड़ने से निकल तो जाती थी." ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती समजावून सांगत होती.

मला कुणी जाब विचारला नाही. शाळेचे मास्तर तेवढे ऑफिसात यायचे बंद झाले.

दोन-तीन वर्षांनी एका मासिकात टाइम्स बीच या गावाबद्दल वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यात, सेंट लुईस शहराजवळ, नदीकाठी हे गाव. वस्ती दोन हजारांच्या आसपास. रस्ते कच्चे, पक्के करायला पैसे नाहीत. म्हणजे आपल्यासारखंच. १९७२ च्या सुमारास त्यांनी जुनं तेल गोळा करणाऱ्या एका कंत्राटदाराला रस्त्यांवर तेल शिंपडायचं काम दिलं. स्वस्तात काम, चार वर्षं चाललं. तो माणूस गॅरेजांमधून जळकं तेल उचलायचा, आणि एका रसायनाच्या कारखान्यातला टाकाऊ गाळही. दोन्ही एकाच टाकीत. त्या गाळात डायॉक्सिन होतं, माणसाने बनवलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. त्याआधी १९७१ मध्ये त्याने घोड्यांच्या रिंगणांत धूळ बसवायला तेच मिश्रण शिंपडलं होतं. तिथे चिमण्या मरून पडल्या, मग डझनांनी घोडे मेले. तरी टाइम्स बीचच्या लोकांना कळायला १९८२ चा डिसेंबर उजाडला. तपासणीसाठी मातीचे नमुने घेतले, आणि त्याच वेळी नदीला पूर आला. लोक घर सोडून बाहेर पडले होते, त्यांना नाताळाच्या तोंडावर सांगण्यात आलं की परत येऊ नका. १९८३ मध्ये सरकारने संपूर्ण गाव विकत घेतलं. पुढे घरं पाडली, माती भट्टीत जाळली. आज तिथे एक उद्यान आहे.

तुम्ही म्हणाल, काका, गॅरेजच्या ऑइलमध्ये कुठून डायॉक्सिन येणार? बरोबर आहे. बहुधा नसेलच. इंजिनाच्या झिजेचे धातू असतील, अर्धवट जळलेल्या इंधनाची रसायनं असतील, कुणी ओतलेलं कूलंट, थिनर, ब्रेक ऑइल असेल. पण टाइम्स बीचच्या लोकांनाही "नुसतं तेल आहे" असंच वाटत होतं. पिंपात काय काय पडलं हे देणाऱ्या भैयालाही सांगता येणार नाही. कायद्यानेही, २०१६ च्या नियमांप्रमाणे, वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे आणि तो परवाना असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवा. आणि आपलं स्वतःचं बघा. आपल्या मंडळाची बोअर सडकेपासून किती लांब आहे? बारा पावलं. तीही मी मोजली. आपल्या खालचा पाषाण भेगांचा आहे, पाणी त्या भेगांतूनच वाहतं, वाळूतून गाळून येत नाही. आणि याच बोअरच्या पाण्यावर गणपतीत दहा दिवस प्रसादाचा स्वयंपाक होतो.

बरं, मग करायचं काय? नुसतं नाही म्हणून मोकळं होणं मला आवडत नाही.

पाणी मारणं हा सगळ्यात सोपा उपाय आणि सगळ्यात फसवाही. तपासण्यांत असं दिसलं आहे की रस्त्याच्या पृष्ठभागातला ओलावा दुप्पट केला तर जवळपास तीन चतुर्थांश धूळ कमी होते. म्हणजे चिखल करायची गरज नाही, थोडं पाणी पुरतं. पण टिकतं किती? आपल्या सडकेचं क्षेत्र तीन हजार चौरस मीटर. दर चौरस मीटरला एक लिटर म्हटलं तर तीन हजार लिटर, एका छोट्या टँकरचं पाणी. एक लिटर म्हणजे एक मिलिमीटरचा थर. इंदुरात मे महिन्यात दिवसाला दहा मिलिमीटरच्या वर पाणी उडून जातं, तेही बहुतेक दुपारी. म्हणजे दुपारी मारलेलं पाणी तास-दीड तासात हवेत. संध्याकाळी मारलं तर रात्रभर टिकतं आणि सकाळच्या शाळेच्या व्हॅनींना उपयोगी पडतं. म्हणून आजोबांचा तो भिश्ती संध्याकाळीच यायचा. मात्र नर्मदेचं पाणी नको. ते सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून, घाट चढवून आणलेलं पाणी आहे, ते सडकेवर ओतणं पाप आहे. शुद्ध केलेलं सांडपाणी मिळतं, ते घ्यावं.

क्षारांबद्दल मला मागे कुणी तरी विचारलं होतं. कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड रस्त्यावर टाकलं की ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि रस्ता ओलसर ठेवतं. मॅग्नेशियम क्लोराइड आपल्या शेजारी गुजरातेत खाराघोड्याला मिठागरांच्या उरलेल्या पाण्यातून निघतं, म्हणजे आणायला अवघड नाही. थंड देशांत हे उत्तम चालतं. पण त्याला हवेत ओलावा असावा लागतो. पंचवीस अंश तापमानाला पहिल्याला निदान २९ टक्के आर्द्रता लागते, दुसऱ्याला ३२. आपल्याकडे वैशाखाच्या दुपारी ती वीसच्या आसपास उतरते. म्हणजे धूळ जेव्हा जास्त, तेव्हाच हे महाराज रजेवर. आणि पहिल्या पावसात सगळं वाहून झाडांच्या मुळाशी आणि गाड्यांच्या पत्र्याला. मी तरी आपल्या सडकेला सुचवणार नाही. साखर कारखान्याची मळीही उसाच्या मुलखात टाकतात. चिकटते छान. मग मुंग्या, माश्या, वास, आणि पावसात पुन्हा शून्य.

आता खरं काम. हे कंटाळवाणं वाटेल, पण खाणीवर आम्ही शेवटी याच निष्कर्षाला आलो. पाण्याच्या टँकरपेक्षा ग्रेडर आणि रोलरने जास्त धूळ थांबवली. कच्च्या सडकेला तीन गोष्टी लागतात: आकार, मिश्रण आणि दाब.

आकार म्हणजे मधे उंच, दोन्ही कडांना उतार. आपली सडक आज उलटी आहे, थाळीसारखी. मधे पाणी साचतं, त्यात गाडी गेली की चिखल ढवळून बारीक माती वर येते, आणि तीच वाळून दिवाळीनंतर धूळ होते. म्हणजे उन्हाळ्याची धूळ आपण पावसाळ्यात तयार करतो. मीटरला चार सेंटिमीटर उतार हवा. पाच मीटरच्या सडकेला मध्यभाग कडांपेक्षा दहा सेंटिमीटर उंच. दोन्ही बाजूंना नाली, आणि ती नाली कुठे तरी जाऊन मिळाली पाहिजे, नाही तर तिचं डबकं होतं. डावीकडची नाली सध्या एका सभासदाच्या कुंड्यांखाली आहे. नाव घेत नाही, ते पहिल्याच रांगेत आहेत.

मिश्रण म्हणजे खडा, दाणा आणि पीठ यांचं प्रमाण. पीठ शंभरात आठ ते पंधरा असावं. त्याहून कमी तर खडे सुटे होतात, जास्त तर पावसात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. आपण दर वर्षी नुसता पिवळा मुरूम टाकतो, त्यात पीठ फार असतं. कधी कधी तर ट्रॉलीवाला काळी माती मिसळून आणतो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, ती सडकेवर कधीही घेऊ नका. तपासायला प्रयोगशाळा नको. काचेच्या उभ्या बरणीत अर्ध्यापर्यंत मुरूम घ्या, पाणी भरा, खूप हलवा आणि रात्रभर ठेवा. खाली खडा, मधे दाणा, वर पिठाचा थर दिसेल. वरचा थर पाव भागाहून जाड असेल तर ट्रॉली परत पाठवा किंवा त्यात क्रशरची चुरी आणि बारीक गिट्टी मिसळून घ्या. आणि मूठभर ओला मुरूम दाबून बघा. लाडू वळला, आणि टिचकी मारल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर चांगला. तळहाताला लोण्यासारखा लागला तर माती जास्त.

दाब म्हणजे रोलर. आणि रोलर कोरड्या मुरमावर फिरवला तर डिझेल फुकट. मुरूम ओलसर हवा. म्हणूनच आपलं दिवाळीआधीच्या गडबडीत मुरूम पसरवून मोकळं होणं चुकतं. योग्य वेळ म्हणजे पाऊस थांबून आठ-दहा दिवस झाले की, आश्विनात. तेव्हा सडकेच्या पोटात ओल असते, टँकर कमी लागतो. जुना थर दहा सेंटिमीटर खणून मोकळा करायचा, त्यात नवं मिश्रण मिसळायचं, मधे उंच आकार द्यायचा, कडेकडून मधे रोलर आणायचा. नुसतं वरून टाकलेलं पापुद्र्यासारखं निघून जातं. पहिल्या वर्षी खर्च जास्त येईल, पण पुढची दोन-तीन वर्षं दोन ट्रॉलींत भागेल.

कुणी तरी विचारेलच, सरळ डांबर किंवा सिमेंट का नाही. जाता जाता सांगतो, डांबरी रस्ता मुळात धुळीसाठीच सुरू झाला. मोटारगाड्या आल्या आणि युरोपातले खडीचे रस्ते धुळीने भरून गेले. मोनॅकोत गुलिएल्मिनेत्ती नावाचे एक स्विस डॉक्टर होते. ते जावा बेटावर नोकरी करून आले होते, तिथे इस्पितळाच्या जमिनीला डांबर फासलेलं त्यांनी पाहिलं होतं. १९०२ मध्ये त्यांनी मोनॅकोच्या रस्त्याच्या एका तुकड्यावर गरम डांबर फासून दाखवलं, धूळ बसली, आणि लोक त्यांना "डॉक्टर डांबर" म्हणायला लागले. इंजिनिअर नव्हे, डॉक्टर. ही गोष्ट मी आमच्या खात्यातल्या लोकांना मुद्दाम ऐकवत असे. तर, आपली सडक पक्की व्हायचीच आहे. पण कागदपत्रांचं घोंगडं अजून भिजत आहे, आणि ड्रेनेजची लाइन टाकायला ती एकदा खोदली जाणार आहे. आज पक्की केली तर वर्षभरात उखडली जाईल. म्हणून निदान दोन वर्षं आपल्याला मुरमाशीच संसार करायचा आहे.

शेवटचा उपाय, ज्याला एक पैसा लागत नाही आणि जो सगळ्यात कठीण आहे. वेग. कच्च्या रस्त्यावर वेग निम्मा केला की धूळही साधारण निम्मी होते. चाळीसने येणारी गाडी वीसने आली तर सहाशे मीटरला किती वेळ जास्त लागतो? चोपन्न सेकंद. मी खाणीवर ट्रकवाल्यांना वर्षानुवर्षं सांगितलं, दंड केले, फलक लावले. जे ऐकायचे ते कोण, तर ज्यांची घरं त्या रस्त्यावर होती. इथे तर सगळ्यांचीच घरं या सडकेवर आहेत. तरी परवा गॅलरीत मोजत बसलो होतो तेव्हा सगळ्यात जोरात गेलेली गाडी आमच्याच चिरंजीवांची होती. घरी आल्यावर बोललो. तो म्हणाला, "बाबा, काच बंद असते, कळत नाही." त्याचं म्हणणं खरं आहे. धूळ गाडीच्या मागे असते, पुढे नसते.

तर माझी विनंती अशी. रविवारचा कार्यक्रम रद्द करू नका, सकाळी सातला या, फक्त काम बदला. डावीकडची नाली मोकळी करायची आहे, फावडी आणि घमेली मी आणतो. कुंड्या उचलायला दोन तरुण लागतील. संध्याकाळच्या टँकरसाठी पावसाळ्यापर्यंतची वर्गणी किती पडते याचा हिशोब मी खजिनदारांना लिहून दिला आहे, त्यावर आज चहानंतर मतदान घ्यावं. आश्विनातल्या रोलरचं गणपतीनंतरच्या सभेत ठरवू.

आणि ती दोन पिंपं. मी गॅरेजवाल्या भैयाशी आताच फोनवर बोललो. तो चांगला माणूस आहे, त्याला आपल्यावर उपकारच करायचे होते. त्याच्याकडे दर महिन्याला रिसायकलरची गाडी येते, पैसेही देते. म्हणाला, "अंकलजी, आप भिजवा दो." हातगाडी माझ्याकडे आहे. एका पिंपाचं झाकण सैल आहे, म्हणून ते आडवं करून लोळवत नेऊ नका, उभंच चढवा, आणि खाली जुनी पोती टाका. बोअर तिथून बाराच पावलांवर आहे.